उरलेलं तेल

२ जानेवारी १९८८
पेणला पोचले. शेजारचा गृहस्थ पनवेलपासून एस.टी.त पेरू खाऊन बिया माझ्या पायांशी टाकत होता, तरी मी काही बोलले नाही. इतकी खुशीत होते. रामवाडीच्या वळणावर चंद्राताई स्वतः घ्यायला उभी. मूर्तींच्या कारखान्यासमोर बिनरंगी गणपती उन्हात सुकत होते आणि त्यांच्या बाजूला ही, दोन स्वेटर घालून. निवृत्तीनंतर बहिणींनी एकत्र राहायचं, हे अखेर जमलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाचा मेंदू बंद पडतो असं सरकारला वाटतं. वाटू दे.

४ जानेवारी
ताईचे हात म्हणजे नुसती हाडं, पोट मात्र सुटलेलं. रोह्याचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. हे काय निदान आहे? मी जन्मभर प्रयोगशाळेत म्हातारे उंदीर हाताळले. म्हातारपणी चरबी संपत नाही, जागा बदलते. कातडीखालून उठते आणि यकृतात, स्नायूंत जाऊन बसते. दोन खांद्यांमधली तपकिरी चरबी स्वतः जळून अंगाला ऊब देते, ती मात्र विझत जाते. तान्ह्यांच्या पाठीत ती भरपूर असते, म्हणून ती कुडकुडत नाहीत. माझे म्हातारे उंदीर गार खोलीत कोपऱ्यात गोळा होऊन बसायचे. ताई भर दुपारी चुलीपाशी तशीच बसते.

८ जानेवारी
पलीकडच्या खोलीत हौसा भाड्याने राहते, तिचं तान्हं बाळ आहे. त्याला तेल लावून न्हाऊ घालायला पुतळी नावाची बाई येते. तिला ताईच्या मालिशीला बोलावलं. आधी ती वाटीतलं उरलेलं तेल नारळाच्या आळ्यात ओतायला निघाली. चांगलं खोबरेल! मी अडवलं.
"नाय बाय, पोराच्या अंगचं उरलेलं म्हाताऱ्याला लावीत नाय."
का, ते तिलाही ठाऊक नाही. ताई हसून म्हणाली, "लाव गो. मला पोर नाही मिळालं, तेल तरी मिळू दे." खुळ्या समजुती या घरात नकोत, असं मी बजावलं. पुतळीने लावलं.

१४ जानेवारी
संक्रांत. बाळाच्या उरलेल्या तेलाची मालिश रोज चालू आहे. ताईने स्वेटर काढले! पाठीला हात लावून पाहिला, खांद्यांच्या मधोमध छान ऊब. तिळाचे लाडू खाल्ले, हौसाच्या बाळाला मांडीवर घेऊन गाणं म्हटलं. रोह्याला जाऊन त्या डॉक्टरांना दाखवून येणार आहे.

१७ जानेवारी
हौसा कौतुकाने सांगते, पोर गुणी, रडतच नाही. मी उचलून घेतलं. गुणी नव्हे. पाठ फरशीसारखी गार. दुपट्यात गुंडाळलं, शेगडी आणली, तरी ऊब धरत नाही. अशी पाठ माझ्या बोटांच्या ओळखीची आहे. पण ती म्हाताऱ्या उंदरांची.

१९ जानेवारी
ताईचं तेल बंद केलं. हौसाला काय सांगणार? संध्याकाळी बाळ रडलं. ताईने स्वेटर मागितला.

२१ जानेवारी
ताई वाटी मागते. लहान मुलीसारखी. एकदाच, थोडंसंच. शेवटी सगळं सांगितलं. तिने स्वेटर गळ्यापर्यंत ओढून घेतला. मग म्हणाली, "त्याचं त्याला राहू दे गो." पुन्हा मागितलं नाही. तिचे हात माझ्या हातांत धरून बसले. माझी ऊब तिच्यात जाईना. इतकी वर्षं मी नेमकं काय शिकले?

२४ जानेवारी
ताई गेली. ओसरीवर, उन्हात बसल्या बसल्या. पलीकडे बाळ खणखणीत ओरडत होतं. हौसा त्याचं तोंड दाबायला धावली. मी म्हटलं, रडू दे. ताईने त्यासाठीच—

२९ जानेवारी
थंडी. ताईचे दोन्ही स्वेटर घातलेत. माझ्याच खांद्यांच्या मधोमध काहीतरी विझतंय—

३१ जानेवारी
पुतळी उंबऱ्यावर उभी आहे. हातात वाटी.
"बाय, टाकू का ठेवू?"
मी टाक म्हणणार आहे. पलीकडे बाळ रडतंय, छान रडतंय. टाकच म्हणणार. आधी फक्त बोटं शेकते, वाटीला बाहेरून, नुसती—