हेन्केलबाईंच्या दारावरची मुलं

डे मॉइन, १४ ऑक्टोबर १९८६

ती. आजीस,
गॅरेटचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन गावं फिरून पोचलं. ओमाहाची नोकरी सुटली (त्यात एक घोडा आहे, ते पुढे कधीतरी). आता इथं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं मन रमवायचं काम करतो. हसू नकोस. एकतीस तारखेच्या हॅलोविनचा सगळा बेत माझ्या गळ्यात आहे. भोपळे कोरायला मंडळींचे हात थरथरतात, म्हणून ते रंगवायचे. शिवाय टोप्यांची स्पर्धा, सफरचंदाचा गरम रस, जुन्या रेकॉर्डी.

सत्त्याऐंशी वर्षांच्या हेन्केलबाईंना यातलं काही नको. त्यांना भुताखेतांची सोंगं घेऊन चॉकलेट मागणारी मुलं दारावर हवीत, स्वतःच्या घरी यायची तशी. या गावात मुलानं विनोद सांगितल्याशिवाय चॉकलेट द्यायचं नाही, अशी रीत. बाई म्हणतात, इथं आल्यापासून त्यांना कुणी विनोद सांगितला नाही, डॉक्टर सोडून. मॅनेजरबाईंनी कशीबशी परवानगी दिली, तीही याच वर्षापुरती. मी चर्चच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, की हॅलोविनला मुलांनी आमच्या दारी जरूर यावं. बाई फक्त तारखेत घोळ घालतात. मुलं तीसलाच येतात म्हणतात. वय झालं. मी हो हो म्हणतो.

छताचं काय झालं?

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
गॅरेट

कूस बे, २१ ऑक्टोबर

चि. गॅरेटास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावर पत्ता घातलास, म्हणजे महिनाभर तरी एका जागी राहशील असं धरून चालते. घोड्याचं सांगू नकोस, मला झोप लागायची नाही.

छत गळतंय. तुझे आजोबा गेल्यापासून हॅलोविनला टेकडी चढून मुलं येत नाहीत. वर एकटी म्हातारी राहते म्हटल्यावर त्यांना खरीच भीती वाटत असेल. तरी मी चॉकलेटं आणते आणि नोव्हेंबरभर मीच खाते. दंतवैद्याला यातलं काही माहीत नाही.

त्या बाईंना हो हो म्हणू नकोस. फोनवर माझ्याशी तसंच करतोस, आणि मला ते कळतं.

कानटोपी घाल. अधूनमधून आठवण काढावी.
आजी आर्डिस

डे मॉइन, १ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेत आलं होतं. मी वाचून खिशात ठेवलं, एवढंच.

तीसला संध्याकाळी हेन्केलबाई चेटकिणीची टोपी घालून, मांडीवर चॉकलेटांचं भांडं घेऊन पुढच्या दाराशी बसल्या. मी म्हटलं, बाई, ते उद्या. दारावरचा दिवा मालवला, कडी घातली आणि त्यांची व्हीलचेअर ढकलत मागच्या दालनात नेली, भोपळे रंगवायला. रेकॉर्ड मोठ्यानं लावली होती. त्यांनी ब्रशला हात लावला नाही.

काल एकतीसला सगळी मंडळी नटून दाराशी बसली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरी निघालेल्या आमच्या स्वयंपाकीणबाईंनी विचारलं, की कुणाची वाट बघताय. या गावात मुलं आदल्याच दिवशी फिरतात म्हणे, वर्षानुवर्षं. त्यांचे नातू परवा आमची घंटा वाजवून वाजवून अंधारातून परत गेले होते.

हेन्केलबाईंनी मांडीवरचं भांडं तेवढं सरळ केलं. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडळी एकेक करून झोपायला गेली, त्या बसून राहिल्या. मी मागच्या दारानं बाहेर पडलो. पिठाची रिकामी कागदी पिशवी घेतली, डोळ्यांसाठी दोन भोकं पाडली, डोक्यात घातली आणि पुढं येऊन घंटा वाजवली. दार उघडायला वेळ लागला, खुर्चीची चाकं उंबऱ्याला अडत होती. बाईंनी कडक आवाजात विनोद मागितला. मी विचारलं, की सांगाडा भांडायला का जात नाही, तर त्याला काळीजच नसतं. त्या म्हणाल्या, जुना आहे, पण चालेल. एक चॉकलेट दिलं, एकच, आणि दार लावून घेतलं. मी परत घंटा वाजवली. असं बराच वेळ चाललं. माझे विनोद संपले तेव्हा त्यांनीच मला पुढचे पढवले.

शेवटी त्यांनी विचारलं, गल्लीतल्या पोराला विचारावं तसं, की तू रे कुणाच्या घरचा. माझी खोली आठवड्याच्या बोलीवर आहे, ते काही घर नव्हे. मी म्हटलं, कूस बेच्या टेकडीवरच्या आर्डिसबाईंच्या घरचा. त्या म्हणाल्या, फार लांबून आलास, आता इकडंतिकडं न रेंगाळता घरी जा, वाट बघत असतील.

आजी, मी त्यांना खरं सांगितलं का, तेवढं कळव.

तुझ्या घरचा,
गॅरेट