फेस मापात धरायचा की नाही

ती. दादांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेवढं चालवून घ्यावं). तुमची कंबर कशी आहे? मागे फोनवर तुम्ही म्हणालात की हल्ली वाकता येत नाही, आणि मागून वहिनी म्हणाल्या की ते आधीही कुठे वाकत होते. त्या बऱ्या असतील हे त्यावरून कळलंच. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, मी तिच्या आज्ञेत आहे, आणि तुमच्या बाबांबद्दल लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं, पण तुमची बहीण दुसऱ्या वाक्याला फोन काढून घेते.

आमच्या घरापासून तिसऱ्या इमारतीत टायरचं दुकान होतं, ते बंद होऊन तिथे बिअरची ब्रुअरी निघाली आहे. रस्त्यावरूनच काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात, इतक्या लख्ख की येणारे-जाणारे त्यात भांग पाडतात. चालवणाऱ्या बाई आधी दातांच्या डॉक्टर होत्या. (लोकांना तोंड उघडायला लावून कंटाळले, आता ते आपणहून उघडतात, असं त्या म्हणतात.) सकाळी धान्य शिजायला लागलं की गल्लीभर भाजक्या पावासारखा वास सुटतो. तो वास आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतो म्हणून तुमच्या बहिणीने मला तक्रार करायला पाठवलं. मी चपला घालत होतो तेवढ्यात बाबा म्हणाले, "मीही येतो."

दादा, आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे कसे राहतात हे तुम्ही जाणता. विचारलं तर 'हूं', नाही विचारलं तर तेही नाही. त्यामुळे हे दोन शब्द ऐकून मी चपला उलट्या घातल्या आणि तशाच घालून गेलो.

तक्रार मी पाठ केली होती. आत शिरल्याबरोबर एका दाढीवाल्या गृहस्थांना ती पूर्ण ऐकवली, कपड्यांपासून नागरी जबाबदारीपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं पटलं मला. पण मी नळ दुरुस्त करायला आलोय." तोवर डॉक्टरीणबाई आल्या. तक्रार ऐकते, पण आधी ज्याची तक्रार आहे ते चाखून बघा, असं म्हणून त्यांनी फळीवर चार छोटे ग्लास मांडले. आता न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होतं. पहिली गव्हाची, ढगाळ, पिताना नाकाशी संत्र्याची साल सोलल्यासारखं वाटतं. दुसरी कडू, पण कडूपणा असा सभ्य की येतो, नमस्कार करतो आणि निघून जातो, मग आपणच त्याला परत बोलावतो. तिसरी आंबट, तिने माझा एक डोळा आपोआप मिटला. (समोरच्या टेबलावरच्या बाईंनी त्याचा गैरसमज करून घेतला, तो मिटवण्यात थोडा वेळ गेला.) आणि चौथी काळी, दाट, भाजलेल्या कॉफीसारखी. ती पिऊन झाल्यावर तक्रार कशाची होती ते मी बाबांना विचारलं.

बाबा पीत नव्हते. ते ग्लास उजेडात धरून बघत होते. "माप कमी आहे," ते म्हणाले. "फेस मापात धरता येत नाही." वजनमाप खात्यात उभी हयात काढलेला माणूस, मला घाम फुटला. बाई म्हणाल्या, "काका, ग्लासवर रेघ आहे. बिअर रेघेपर्यंत, फेस तिच्या वर." बाबा म्हणाले, रेघ कोणीही ओढेल. आणि दुसऱ्या दिवशी पेटीतलं काचेचं मोजपात्र पिशवीत घालून एकटेच निघाले. मी काळजीने मागोमाग गेलो (निव्वळ काळजीने). त्यांनी फेस बसू दिला, बिअर ओतली, चष्मा लावला, पुन्हा ओतली. शेवटी म्हणाले, "जास्त भरतेय." नोकरीभर त्यांनी कमी माप पकडलं होतं. जास्त माप देणाऱ्याचं काय करायचं, याला नियमच नव्हता.

मग त्यांनी मोजलेली बिअर प्यायली. काळी होती. अर्धी झाल्यावर म्हणाले, "ही तिला आवडली असती."

मी म्हटलं, "बाबा, आई कुठे घेत होत्या?"

"तुम्हाला काय माहीत," बाबा म्हणाले. आणि बोलायला लागले. लग्नानंतरच्या पहिल्या बदलीच्या गावी, सामान यायचं होतं म्हणून रिकाम्या घरात जमिनीवर बसून दोघांनी एक बाटली वाटून घेतली होती. वाटणी बाबांनी मापाने केली, तरी आईंनी त्यांच्या ग्लासातली घेतलीच. दादा, हे तुम्हाला ठाऊक होतं का? तुमच्या बहिणीला नव्हतं. घरी येऊन सांगितल्यावर ती आधी रागावली, मग रडली, मग हसली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तक्रार करायला गेली. तिला आंबट आवडते.

आता बाबा रोज संध्याकाळी जातात. एकच ग्लास घेतात, पण बोलतात चार ग्लासांचं. नवी टाकी उघडली की बाई पहिला घोट त्यांना देतात. परवा ते जेवताना म्हणाले की आज मीठ जास्त झालंय. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. कौतुकाने.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : पुढच्या महिन्यात तुम्ही बाबांना सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे न्यायला येणार आहात. ठरलंय, तुमचा हक्कही आहे, मी मध्ये बोलणारा कोण. पण नेऊ नका.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी बाबांनी पत्र मागून घेऊन वाचलं. पाल्हाळ फार आहे, असं म्हणाले. तुम्हाला काय कळवू विचारलं, तर म्हणाले, "ये म्हणावं. काळी पाजीन. आणि जाताना एकटा जा म्हणावं."