आधी विस्तव की आधी पाणी

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. (नमस्कार खरोखर वाकून केलाय, कारण काम तुझ्याकडेच आहे.)

मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून तू फुगून बसली असशील. पण प्रकाशनाच्या कचेरीत हल्ली माझ्या टेबलावर कागदांचा एवढा ढीग असतो की समोरच्या चित्रकाराला मी फक्त केसांवरून ओळखू येते. त्यातच संपादकबाईंनी दोन जाडजूड हस्तलिखितं आणून आदळली. दोन्ही आपल्या डोंगरवस्तीच्या देवाधर्माबद्दल, आजाऱ्याच्या उशाशी म्हणायच्या गाण्यांबद्दल. छापायचं एकच. आणि त्यातलं अस्सल कोणतं ते म्हणे मी सांगायचं.

मीच का, तर माझे बाबा डोंगरातले. बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की घरचं माणूस असताना बाहेर कशाला विचारायचं. पुस्तकाच्या सुरुवातीला माझ्या सहीचं एक पान येणार आहे, की मी या लोकांची लेक, यातला शब्द न् शब्द खरा. आत्या, मी उभ्या आयुष्यात वस्तीवर आले चार वेळा, आणि त्यातही एकदा गोवर घेऊन. बाईंना हे सांगायला गेले तर म्हणाल्या, रक्त ते रक्त.

एक लेखक म्हातारे प्राध्यापक आहेत. चाळीस वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डर घेऊन तुमच्याकडे अकरा महिने राहिले होते. मी बाहेरचा, मला समजलं तेवढं लिहिलंय, असं पहिल्याच पानावर सांगून मोकळे झालेत. दुसरा तरुण आहे, पल्याडच्या वस्तीतल्या मास्तरांचा धाकटा मुलगा. त्याच्या पानापानावर आजीच्या मांडीवर ऐकलं, आजीच्या तोंडून ऐकलं. बाईंच्या मते हा अस्सल आणि प्राध्यापक चोर.

दोघांनी निरोपाचं गाणं दिलंय, ते शेवटच्या घटकेला जाणाऱ्याला वाट सांगणारं. अगदी तंतोतंत एकसारखं. वाटेत आधी विस्तवाला हात लाव, मग पाण्याला, तिथून पुढे मागे वळून बघू नकोस. बाबांनी मला शिकवलं होतं तेही हेच. मागच्या वर्षी दवाखान्यात मी त्यांना हेच म्हटलं, हळू आवाजात, परिचारिका ओरडेल म्हणून. म्हणजे दोन्ही पुस्तकं खरी. मग खरा लेखक कोण? माझं डोकं चालेनासं झालंय.

लोभ आहेच. या खेपेला तो वाढवण्याऐवजी उत्तर लवकर टाक.

तुझी,
मुंगी

१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. आ. आणि एक धपाटा.

तुझं पत्र आलं तेव्हा शाळेच्या गणवेशाचे पंचेचाळीस सदरे अंगावर पडलेले. काज करता करता अर्धंमुर्धं वाचलं, पण मुद्दा कळला. तो टेपवाला अजून आहे का? भला माणूस. तो कोणी खोकलं तरी लिहून घ्यायचा. आमचा नळ दुरुस्त करून दिला होता त्यानं, त्यानंतर तो कधीच नीट चालला नाही. आमच्या आईसमोर ओसरीत बसायचा आणि आई त्याला गाणी सांगायची.

मास्तरांच्या धाकट्याचं म्हणशील तर आजीच्या तोंडून ऐकलं हे वाचून मला मशीन थांबवावं लागलं. त्याची आजी आमच्या डोंगरातलीच नव्हती, कानानं बहिरी होती आणि तिला पाळण्याचं गाणंसुद्धा धड येत नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता जे सांगते ते नीट वाच. आमच्याकडे गाणं बाहेर नेणाऱ्याला सरळ देत नाहीत. त्यात एक उलटी गाठ मारून देतात, म्हणजे एका जागी क्रम फिरवतात. गाणं कोणी सहज कुठेही म्हणून टाकलं तर भलतंच जिवंत माणूस वाटेला लागायचं, म्हणून ही खबरदारी. टेपवाल्याला आईनं विस्तव आधी सांगितला. खरं गाणं पाण्यापासून सुरू होतं. तो गेल्यावर आई पदर तोंडाला लावून हसली होती, ते मला अजून आठवतं.

म्हणजे बघ, टेपवाल्यानं खोटं गाणं खरेपणानं लिहिलं. आणि मास्तरांच्या पोरानं ते त्याच्याच कुठल्यातरी लिखाणातून उचललं, नाहीतर गाठ त्याच जागी कशी येईल? आपला खोटा आणि परका खरा. आता या दोघांत तू काय ते निवड, मला सदरे पोचवायचेत.

तब्येतीला जप. माया आहे तशीच आहे, मागायची गरज नाही.

आत्या

१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

माझं पहिलं पत्र शोध, सदऱ्यांच्या ढिगाखाली असेल, आणि त्याचा शेवट पुन्हा वाच. बाबांनी मला विस्तव आधी असंच शिकवलंय.

तुझं पत्र आल्यापासून मी हेच घोळवतेय. एकतर आजीनं बाबांनाच उलटी गाठ दिली. किंवा बाबांना सरळ येत होतं आणि त्यांनी मला उलटी दिली, कारण माझी आई शहरातली, मी शहरातली. पण मी म्हणत होते तेव्हा त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, आत्या. मी समजले की ते साथ देताहेत. ते मला दुरुस्त करत होते का? मी माझ्या बापाला चुकीची वाट सांगितली का? हे कोणाला विचारायचं?

परवा तो तरुण लेखक कचेरीत आला. गळ्यात लाकडी मण्यांच्या तीन माळा. त्याला चांगला फैलावर घ्यायचा असं ठरवून मी विचारलं की गाणं कोणी शिकवलं. आधी म्हणाला, आजीनं. मग खाली बघत म्हणाला की आजी गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात प्राध्यापकांचा लेख हाती लागला, तो त्यानं कपाटापाशी उभ्या उभ्या वाचला आणि तिथेच रडला. आपलं हरवलेलं सापडलं असं वाटलं त्याला. आत्या, फैलावर कसली घेते, त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याला खोटा म्हणायचं तर मी कोण?

बाई रोज सहीचं विचारतात. मला आता माझं नाव लिहायचीसुद्धा भीती वाटते.

रागावू नकोस, पण खरं सांग.

मुंगी

२६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. आ.

पत्र वाचलं आणि कापड कापताना सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सांगते. तुझा बाप एकोणीस वर्षांचा होता, वायरमनच्या कामाला शहरात निघाला. निघायच्या सकाळी आईनं त्याला मागच्या खोलीत नेऊन निरोपाचं गाणं शिकवलं. मी भिंतीपलीकडे त्याचे कपडे घड्या घालत होते. मला विस्तव आधी ऐकू आला. मी नंतर तिला विचारलं, तर म्हणाली, ज्याला जे द्यायचं ते दिलं, तू तुझं काम कर. मी समजायचं ते समजले. जो वस्ती सोडून जाणार त्याला उलटं.

तो वर्षाकाठी दोन दिवस यायचा, सगळ्यांना खाऊ, मला एकदा विजेची इस्त्री. वाटलं असतं तर मी त्याला बाजूला घेऊन सांगू शकले असते. सांगितलं नाही. घर, आई, वस्तीतली आजारपणं माझ्या गळ्यात टाकून हा मोकळा झाला याचा मला राग होता, मुंगे, आणि त्याला न सांगणं एवढंच माझ्या हातात होतं. ते मी तीस वर्षं धरून ठेवलं. मला माफ कर असं त्याला म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून तुला म्हणते.

हे लिहून पत्र बंद करणार होते. पण मन थाऱ्यावर येईना म्हणून आईच्या वयाच्या सुईणबाईंकडे गेले. खातरजमा म्हणून सहज विचारलं की पाणी आधी ना? तर त्या म्हणाल्या, छे, विस्तव आधी, पाणी तर परक्यांना सांगायचं. मी आईचं नाव घेतलं. त्यांनी विचारलं, तुला आईनं केव्हा शिकवलं? मी म्हटलं, बाराव्या वर्षी. तर म्हणाल्या, तेव्हा तू लग्न होऊन जाणारीच होतीस की.

माझं लग्न ठरता ठरता राहणार हे माझ्या बाराव्या वर्षी कुणाला कळणार होतं?

आता मला काहीच कळेनासं झालंय. सुईणबाईंनाही कोणी काय दिलं असेल देव जाणे, त्याही लग्न करून दुसऱ्या वस्तीतून आलेल्या. आई खरोखर म्हणायची तेव्हा दार लावलेलं असायचं, आत फक्त ती आणि जाणारा. ज्यांनी खरं ऐकलं ते सांगायला राहिले नाहीत. आणि आईच्या वेळी मी म्हटलं, पाणी आधी. तिनं माझा हात घट्ट दाबला. इतकी वर्षं मी धरून चालले की ती शाबासकी होती. आज वाटतं, ती मला थांबवत होती की काय.

त्या पोराला मी बहिऱ्या आजीवरून बोलले, ते त्याला सांगू नकोस.

आत्या

५ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तू माफी मागितलीस. माझ्याकडे ती द्यायचा अधिकार आहे का तेही कळत नाही, पण असेल तर दिली. रडू मात्र खूप आलं, आणि थोडा रागही. तो मी तिकडे आल्यावर काढीन.

सहीचं पान मी लिहिलं. एवढंच लिहिलं की हे गाणं मला माझ्या वडिलांनी असं दिलं, मी ते एकदाच म्हटलं आहे, ते खरं की खोटं हे मला सांगता येत नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या की याला दाखला म्हणत नाहीत, याला घोळ म्हणतात. दोन्ही हस्तलिखितं परत पाठवली. आता त्या कुठल्याशा तिसऱ्या डोंगरावरचा लेखक शोधताहेत. प्राध्यापकांना मी उलट्या गाठीचं कळवलं. त्यांचं कार्ड आलं, की तुमच्या आजीनं मला दूर ठेवलं याचं वाईट वाटतं आणि तिनं एवढी काळजी घेतली याचा आनंदही होतो. मास्तरांच्या मुलालाही कळवलं. त्यानं उलट विचारलं की मग तुम्ही आता कोणतं म्हणणार?

म्हणून तुलाच विचारते. खरं कोणतं ते आता विचारत नाही. पण पुढेमागे तुझ्या उशाशी बसायला माझ्याशिवाय कोण आहे? तेव्हा मी कोणतं म्हणू? विचित्र प्रश्न आहे, मारायला धावू नकोस. अठरा तारखेला येते आहे.

मुंगी

११ मार्च

चि. मुंगीस,

अ. आ.

धावले असते, पण गुडघे साथ देत नाहीत. अठराला ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. भांडायचं ते पोटभर भांड, मी कुठे जात नाही.

तुझा प्रश्न चार दिवस मशीनवर ठेवला होता. पाणी आधी हे माझं, आईनं मला दिलेलं, आयुष्यभर सांभाळलेलं. कितीजणांच्या उशाशी मी ते म्हटलं. पण माझ्या वेळी तू ते म्हणू नकोस. तू तुझ्या बापाला म्हटलंस तेच म्हण. चुकीचं असेल तर असू दे. तो जिथे कुठे जाऊन पोचलाय तिथेच मला जायचंय, त्याच्याशी बोलायचं राहिलंय.

तुझी,
आत्या