नदीअलीकडे वारा थांबला नाही

१ सप्टेंबर

झालं! नकाशा माझ्या गळ्यात पडला. वाचनालयाच्या भिंतीवर आठ फुटी नकाशा – साठ वर्षांपूर्वीचं चक्रीवादळ कुठून आलं, कुठे वळलं, किती घरं झोपवली, सगळं त्यात हवं. पंचवीस तारखेला साठ वर्षं पूर्ण होतात म्हणून समिती नेमली आहे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. "मास्तर, जन्मभर भूगोल शिकवलात, तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हणाले. माझ्या खालच्या दाढेचं काम त्यांनी अर्ध्यावर ठेवलंय. नाही कसं म्हणणार?

बायको म्हणाली, "निवृत्त झालात ना तुम्ही?" तिला दाढेचं सांगितलं नाही.

२ सप्टेंबर

वादळाचा मार्ग पेन्सिलीने उतरवला. हे सोपं. चार दिवस समुद्रात रेंगाळलं, उत्तरेला जाणार म्हणून सगळे निर्धास्त, आणि पाचव्या दिवशी वळलं ते थेट आमच्या अंगावर. भर दुपारी बारा वाजता. तीनशे अकरा माणसं गेली. एक होडी पोस्टाच्या छपरावर सापडली. मुलांना हे सगळं मी तीस वर्षं शिकवलं, पण आज तो आकडा लिहून पेन्सिल खाली ठेवली.

अडचण एकच – वादळाचा डोळा. मधोमध वारा अगदी थांबतो, ऊनसुद्धा पडतं. लोकांना वाटतं, संपलं! बाहेर पडतात, आणि मग उरलेलं वादळ येतं. गेलेल्यांतले निम्मे असेच गेले. जुन्या नकाशात डोळ्याची कड नदीपलीकडून जाते. म्हणजे नदीअलीकडे, आमच्या बाजूला, वारा थांबलाच नव्हता. अध्यक्ष म्हणाले, एकदा तपासून घ्या. घेतो.

४ सप्टेंबर

तपासणं कसलं, डोकं फिरायची वेळ आली! नदीअलीकडचा एकूण एक म्हातारा छातीठोक सांगतो, डोळा आमच्याच घरावरून गेला. बेकरीवाले आजोबा – "अर्धा तास चिडीचूप. मी भट्टीतले पाव काढून घेतले." समोर राहणारे जुने पोस्टमास्तर – "याच्याकडे कशाला थांबेल? थांबला तो माझ्याकडे. पाऊण तास!" दोघांच्या दारांत दहा पावलांचं अंतर. शेवटी दोघेही माझ्यावर घसरले. "मास्तर, तुमचा तेव्हा जन्म तरी झाला होता का?" नव्हता झाला. आता यात माझा काय दोष?

डोळा चुकला असं कबूल करणं म्हणजे बहुतेक लग्नाचं बोलावणं आलं नव्हतं असं कबूल करणं. कोणी तयार नाही.

६ सप्टेंबर

युक्ती सुचली! तीन प्रश्न. वारा थांबला का? किती वेळ? आणि तिसरा अगदी सहज विचारल्यासारखा – परत आला तो कुठून? डोळा गेला की वारा उलट्या बाजूने येतो. ज्याने भोगलं त्यालाच हे ठाऊक असणार. थापाडे इथे सापडतात.

बेकरीवाले – "समुद्राकडून. आधीही तिकडून, नंतरही तिकडून. दुसरीकडून कशाला येईल?" फुल्ली. पोस्टमास्तर बराच विचार करून म्हणाले, "वरून." मोठी फुल्ली. शिंपीणकाकू तेव्हा दोन वर्षांच्या होत्या, पण त्यांना सगळं आठवतं. वादळात त्यांनी घातलेल्या फ्रॉकचा रंगही सांगितला. वारा मात्र कुठून आला ते "आईला माहीत होतं."

संध्याकाळपर्यंत सतरा फुल्ल्या. शाळेत एका दिवसात एवढे कधी नापास केले नव्हते.

७ सप्टेंबर

दाढ ठणकते आहे. बाकी काही नाही.

९ सप्टेंबर

नगरपालिकेच्या दप्तरात जुनी फाईल सापडली! वादळानंतर पंधरा दिवसांनी घरोघर केलेली पाहणी. नदीअलीकडच्या पानावर एकच ओळ – "येथे वारा क्षणभरही थांबला नाही." खाली सही बाबांची! तेव्हा ते पालिकेत नवे कारकून होते, बावीस वर्षांचे. म्हणजे नकाशातली ती कड माझ्या बाबांनी ठरवली! ऊर भरून आला. धावत जाऊन अध्यक्षांना दाखवलं. ते म्हणाले, "वा, वा. आता आ करा."

१० सप्टेंबर

आता लिहूनच टाकतो. या कडेशी आमच्या घरचं दुखणं बांधलेलं आहे. धाकटे काका त्या वादळात गेले, अठरा वर्षांचे. बाबा सांगायचे, ऐन वादळात आत्याने त्यांना छपराचा उडालेला पत्रा आणायला बाहेर पाठवलं. बाबा घरातच होते, पण त्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. त्यानंतर बाबा आपल्या बहिणीशी बोलले नाहीत. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली – म्हणजे एकोणपन्नास वर्षं अबोला! एकाच घरात, एकाच टेबलावर. "तिला सांग, मीठ दे." मी सांगायचो, आत्या, मीठ. "त्याला सांग, पुढ्यातच आहे." सगळ्याच घरांत या कामाला एक मूल लागतं, असं मला सातवीपर्यंत वाटत होतं.

आत्या कधी उलटून भांडली नाही. क्वचित एवढंच पुटपुटायची, "वारा थांबला होता." खरंच थांबला असेल, तर तिची चूक नाही, कोणीही फसलं असतं. नसेल, तर बाबा म्हणायचे तेच खरं – वेडेपणा केला तिने. मी आजवर बाबांचं खरं मानत आलो. पण सतरा जणांना विचारलं आणि घरच्या माणसाला नाही, हे बरं दिसत नाही. अठरावी फुल्ली घरातच पडली तर? भीती वाटते.

१२ सप्टेंबर

आत्या दाद देत नाही. कागद घेऊन समोर बसलो तर म्हणाली, "चष्मा सापडत नाहीये." अगं, तोंडी प्रश्न आहेत! "त्याशिवाय मला ऐकू येत नाही." चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, आणि मला गुंडाळून ठेवलं. बायको पोट धरधरून हसली.

१३ सप्टेंबर

सकाळी आत्या मटार सोलत होती. मी बायकोला पोस्टमास्तरांची गंमत सांगत होतो, की वारा म्हणे वरून आला. आत्या फिसकन हसली. "वरून! गाढवच आहे तो. गेला तो समुद्राकडचा, आला तो टेकडीकडून. आपलं मागचं दार चौकटीसकट आत आलं." हात मटारात तसेच चालू.

माझ्या बशीतला चहा सांडला. हे तिने कुठे वाचलेलं नाही, तिला कोणी सांगितलेलं नाही. वारा थांबला होता. आमच्या घरावरच थांबला होता! माझे डोळे भरून आले. म्हटलं, "आत्या, तुझंच खरं होतं! कड आपल्या गल्लीवरून काढतो. सगळ्या गावाला दिसू दे भिंतीवर."

ती उठली. "काही काढायचं नाही," म्हणाली आणि खोलीत जाऊन कडी घातली. माझं काय चुकलं?

दुपारभर फाईल घेऊन बसलो. बाबा तर घरातच होते. मग वारा थांबलेला त्यांना कसा कळला नाही?

१५ सप्टेंबर

आत्याने खोलीत बोलावलं. पलंगावर शेजारी बसवून घेतलं. म्हणाली, "पत्रा आणायला दोघं गेले होते. एकटा परत आला."

मी उठून दार लोटून घेतलं.

"टेकडीकडून वारा आला तसा भाऊ जीव घेऊन पळाला. धाकट्याचा हात सुटला की सोडला, मी कधी विचारलं नाही. लोक आले तेव्हा तो लटलट कापत होता. म्हणून मीच म्हटलं, मी पाठवलं धाकट्याला. तो म्हणाला, मी घराबाहेर पडलोच नाही, वारा थांबलाच नाही. थांबला म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं ना, मग तू कुठे होतास?"

"आणि तरी तेच तुझ्याशी बोलेनात?"

"कुठल्या तोंडाने बोलणार बिचारा?" मग माझा हात घट्ट धरला. "मला खरं-खोटं करायचं नाही रे आता. भाऊ आहे तो माझा."

१६ सप्टेंबर

कड शाईने पक्की केली. नदीपलीकडून. चूक आहे. खाली माझं नाव घातलं.