अकरा पात्यांचा डोंगर

३ मार्च २००६, शुक्र.

सहावं पातं चिमट्यातून निसटून ट्रेवर पडलं. तुटलं नाही. गोह कपाटाकडे तोंड करून उभे होते, तरी त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "डॉक्टर, दॅट वन ओल्डर दॅन माय ग्रँडफादर, लाह." मग वळून पाहिलं. लॅब कित्येक वर्षं त्यांच्या ताब्यात आहे. काय पडलं ते त्यांना आवाजावरून कळतं.

पुन्हा ठेवलं. सपाट बाजू खाली, झाकण, तीन मिनिटं.

एकूण छत्तीस पाती. एर्नेस्तोनं मेक्सिकोहून पाठवलेली; आखाताच्या किनाऱ्यावरच्या एका टेकाडात सापडलेली. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. प्रत्येक डोंगराच्या काचेत मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं. ते क्ष-किरणांनी मोजायचं, डोंगर ओळखायचा. डोंगर कळला की माल कुठून कुठे गेला ते कळतं. त्या काळी तिथे ओझ्याला बैल नव्हता, गाडी नव्हती. पाठीवरून आणि होडीतून सगळं.

आठ पाती हिरवी. ती पाचुका डोंगराची, नुसत्या डोळ्यांनी सांगता येतं. उरलेली अठ्ठावीस राखाडी. खरं काम त्यांचं.

महिनाअखेर पेटी परत पाठवायची आहे.

६ मार्च, सोम.

राखाडी संपली. आलेख काढला. सतरा पाती सारागोसा डोंगराच्या ठिपक्यांवर जाऊन बसली. अपेक्षा तीच होती. अकरा बसली नाहीत. ती बाजूला, आणि एकमेकांना धरून. माझ्याकडे नमुने असलेल्या एकाही डोंगराशी जुळत नाहीत.

तीनदा पाहिलं. म्हणजे कुणी न नोंदवलेला डोंगर.

एर्नेस्तोला ईमेलनं कळवलं. आठ ओळी. शंका लिहिली नाही, कारण नव्हती.

७ मार्च, मंगळ.

सकाळी डबे भरत असताना एर्नेस्तोचा फोन. जपानमध्ये दोन वर्षं आमची टेबलं शेजारी शेजारी होती; तेव्हाही असाच मोठ्यानं बोलायचा. या हंगामात टेकाड खणणार नाही म्हणाला. विद्यार्थ्यांना घेऊन नदीनं वर जाणार, डोंगर शोधणार. त्याला वर्षातून एकच महिना मिळतो.

"तुझी खात्री आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

मिलिंद पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळत होता. "कोण ओरडतंय एवढं?"

"डोंगर सापडला म्हणून."

"कुणाला?"

"मला."

"वुडलँड्सला बसून? कमाल आहे बाई."

आर्या बुटाची नाडी बांधत होती, वर न बघता म्हणाली, "सिंगापूर गॉट नो माउंटन लाह, मम्मा."

९ मार्च, गुरु.

लेखाचा मसुदा. चार पानं झाली. वाक्यं आपोआप येतायत, खोडावं लागत नाही. अशा वेळी मी सहसा थांबते आणि पुन्हा वाचते. आज थांबले नाही.

एक परिच्छेद पात्यांच्या घडणीवर. काचेचा गड्डा दोन पायांत धरायचा, कडेवर टोकदार लाकडानं दाबायचं, पातं सुटतं. त्याच जागी पुन्हा दाबायचं, पुढचं सुटतं. गड्डा बारीक होत जातो. शेवटची पाती सगळ्यांत अरुंद. हात बसलेला माणूस एका लयीत काढत असणार. हा परिच्छेद चांगला झालाय. ठेवणार.

१० मार्च, शुक्र.

मिलिंद सेम्बावांगच्या यार्डातून सात वाजता आला. जहाजांच्या प्लेटा तपासणं हे त्याचं काम. गंजून किती उरल्यात ते यंत्र लावून सांगायचं. जेवताना मी त्याला आलेख दाखवला. छापून आणला होता. लग्न झाल्यापासून माझा आलेख त्यानं पहिल्यांदाच ताट बाजूला सारून पाहिला.

"ही अकरा जाड किती आहेत?"

"पाती आहेत ती. पातळच असतात."

"पातळ म्हणजे किती?"

"मिलिंद, हे जहाज नाही."

"प्लेट असू दे नाहीतर पापड. जाडी माहीत नसेल तर माझा साहेब रिपोर्ट हातात धरत नाही."

मी आलेख उचलला. आमटी वाढू का विचारलं. नको म्हणाला. नंतर भांडी घासताना पुन्हा, हळू आवाजात, "मोजलीच असशील तू."

मोजली नव्हती.

११ मार्च, शनि.

सुट्टी असून लॅबमध्ये. क्वीन्सटाउनला उतरले तेव्हा पुढची बस समोरून गेली, चालत गेले.

व्हर्नियरनं अठ्ठावीस पाती मोजली. जाडीप्रमाणे ओळीत मांडली. सगळ्यांत पातळ नऊ बाजूला काढली, नंबर पाहिले. नऊच्या नऊ माझ्या अकरांतली.

क्ष-किरण काचेत शिरतात, आतून उत्तर घेऊन परत येतात. डोंगर ओळखायचं एक मूलद्रव्य म्हणजे झिर्कोनियम; त्याचं उत्तर खोलातून येतं. पातं पातळ असलं तर खोली नसतेच, किरण पलीकडे निघून जातात. मग झिर्कोनियम असतं त्याहून कमी दिसतं. हे मी शिकवते. दर वर्षी, दुसऱ्या तासाला, फळ्यावर आकृती काढून.

चूक कुठे झाली तेही कळलं. यंत्रात सपाट पृष्ठभाग लागतो, म्हणून प्रत्येक पात्याचा सगळ्यांत सपाट भाग मी निवडला. उत्तम कारागिरानं काढलेलं पातं सगळ्यांत सपाट असतं. आणि सगळ्यांत पातळ. आकडे इतके स्वच्छ आले की जाडीचा रकाना भरायचा राहिला. खरं तर तो रकाना मी आखलाच नव्हता.

उरलेली दोन, नं. १४ आणि नं. ३१, मात्र चांगली जाड आहेत. सारागोसाच्या सतरांइतकीच.

मि.ला घरी येऊन सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

१२ मार्च, रवि.

तर्क नको, पुरावा हवा. सारागोसाचा एक मोठा दगड माझ्याकडे नमुना म्हणून आहे. त्याचे मुद्दाम पातळ छिलके काढायचे आणि यंत्रात घालायचे. तेही आलेखावर त्या अकरांच्या घोळक्यात गेले तर नवा डोंगर नाही.

लॅबमध्ये ठोकाठोकी चालत नाही. काल येताना दगड पिशवीत घालून आणला होता. मि.नं यार्डातले हातमोजे आणि चष्मे दिले. मागच्या बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं. हत्यार म्हणून खलबत्त्यातला बत्ता.

पहिले सहा-सात ठोकळेच निघाले. मि. म्हणे, "कोन बदल." मी म्हटलं, "तू कर मग." त्यानं केलं, त्याचा तर चुराच झाला. आर्या दाराआडून, "सो डेंजरस, पापा. यू ऑल क्रेझी." एक नक्की कळलं, गुरुवारच्या परिच्छेदात मी "एका लयीत" असं जे लिहिलं ते लिहिणं सोपं होतं.

दीड तासानं दहा छिलके. त्यातले सहा पुरेसे पातळ. एक उचलायला हातमोजा काढला. रक्त आधी दिसलं, दुखलं नंतर.

संध्याकाळी विहारात वंदनेला गेलो. कांबळेवहिनी बोटाकडे बघून म्हणाल्या, "कांदा का गं?" म्हटलं, "दगड." त्यांना थट्टा वाटली.

१३ मार्च, सोम.

सहा छिलके. सहाही घोळक्यात.

गोह शेजारी उभे होते. ठिपका पडला की मान हलवायचे. सहाव्यानंतर म्हणाले, "मशीन ओके, डॉक्टर." आणि कॉफी आणायला गेले. माझ्यासाठीही आणली, कधी आणत नाहीत.

म्हणजे नऊ पाती सारागोसाची. नेहमीच्या वाटेनं आलेली.

दुपारी नं. १४ आणि नं. ३१ पुन्हा लावली. दोन्ही बाजूंनी, चार-चार वेळा. हलत नाहीत. सारागोसा नाही, दुसरं कुठलंही नाही. ही दोन कुठून तरी वेगळीकडूनच आलीत. याबद्दल खात्री आहे, आणि आता ती कशावर उभी आहे तेही माहीत आहे.

१४ मार्च, मंगळ.

एर्नेस्तोचं पत्र, ईमेलनं. नदीवरच्या गावातला एक वाटाड्या ठरला. विद्यार्थी सात. टेकाडावरचं जुनं छप्पर काढून टाकायला सांगितलंय, यंदा लागणार नाही म्हणून. खाली स्कॅन केलेला नकाशा, त्यात वरच्या खोऱ्यावर पेन्सिलीनं माझं नाव लिहिलंय.

उत्तर दिलं नाही.

१५ मार्च, बुध.

सकाळी एमआरटी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या पत्र मनात लिहिलं. ते फार लांब झालं. पहिल्या परिच्छेदात यंत्र, दुसऱ्यात पृष्ठभाग, तिसऱ्यात मी. ऑफिसात बसून कागदावर लिहिलं तर आणखी वाईट. वाचणाऱ्याला वाटावं की किरणांचीच चूक आहे.

जेवणाच्या सुट्टीत मि.ला फोन केला. मागे ग्राइंडर चालू होता.

"दोन पाती राहिलीत फक्त," मी म्हटलं. "दोनांवर माणूस महिनाभर डोंगर हिंडेल का?"

"ते त्याला ठरवू दे ना."

"आणि मी काय सांगू?"

"नऊ गेली, दोन आहेत. आमच्यात एवढंच लिहितात. कुठली प्लेट, किती जाड, पास की फेल."

"तुमच्यात फेल म्हटलं की प्लेट बदलतात."

"बदलतात, पण आधी शिव्या देतात. घे खाऊन. डबा खाल्ला का?"

नव्हता खाल्ला. खाल्ला.

चार वाजता पाचवा मसुदा. सात वाक्यं. अकरा पात्यांबद्दल मी जे कळवलं ते चूक होतं. त्यातली नऊ सारागोसाची आहेत. पाती पातळ होती आणि मी जाडी मोजली नाही. ती मोजणं माझं काम होतं. दोन पाती अजून वेगळी आहेत आणि ती जाड आहेत. त्या दोनांबद्दल मी शब्द देते. हंगाम कुठे घालवायचा ते तू ठरव, पण माझ्या सहा तारखेच्या पत्रावरून ठरवू नकोस.

सोबत जाडीचा तक्ता आणि दोन्ही आलेख जोडले. जुना आलेखही. तो लपवून काही उपयोग नाही.

साडेचारला पाठवलं. मेक्सिकोत तेव्हा पहाटेचे अडीच. तो उठेल, कॉफी घेईल, वाचेल. लेखाच्या मसुद्यातलं निष्कर्षाचं पान काढलं. घडणीचा परिच्छेद ठेवला, त्यातलं एक वाक्य बदलून.

गोह दिवे बंद करत होते. पत्र गेलं का म्हणून विचारलं, "सेंट ऑरेडी?"

"ऑरेडी."

"गुड. टुमारो यू मेझर फर्स्ट, हां."

"हो, आधी जाडी," मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं असावं.

१६ मार्च, गुरु.

सव्वासातला फोन. त्यांच्याकडे कालची संध्याकाळ. ए. या वेळी हळू बोलत होता, मला स्पीकरची कळ दाबावी लागली. त्यानं एवढंच विचारलं, "दोन कुठली?" मी सांगितलं, चौदा आणि एकतीस. त्यानं लिहून घेतलं. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. म्हणाला, "दोन्ही एकाच खड्ड्यातली आहेत. तळाची, म्हणजे सगळ्यांत जुनी." टेकाड की नदी, ते मी विचारलं नाही. उद्या कळवतो म्हणाला आणि फोन ठेवला. मी आठ चाळीसला लॅबमध्ये पोचले.