राजमातेबद्दल ताईचं मत

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रविवारी दुपारी आपण दोघी शाळेच्या स्कर्टांना इस्त्री करायचो, ते आज दातांच्या क्लिनिकमध्ये कामावर बसल्या बसल्या आठवलं. तू चुण्या बसवायचीस, मी वाटीत बोटं बुडवून पाणी शिंपडायची, आणि आपलं एकच भांडण चालायचं : गणिताच्या सिस्टर मनातून चांगल्या की वाईट? तू म्हणायचीस, चांगल्या. मी म्हणायची, ज्या बाईनं मला अख्खा तास बाकावर उभं केलं ती चांगली कशी? त्या तावातावात एकदा तू इस्त्री माझ्या स्कर्टावर तशीच ठेवलीस आणि त्रिकोणी डाग पडला. आईला आपण दोघींनी मिळून काय थाप मारली, ते काही केल्या आठवत नाही.

भांडण आठवायचं कारण म्हणजे आपली चिनी मालिका. तिच्याबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही हा आपला करार मी पाळते आहे. मागे सेनापतीवरून तू फोन आपटलास तेव्हा मला वाटलं, तुला चक्करच आली.

मला या लोकांचं एक कळत नाही. माणूस कड्यावरून कोसळतो, नदीत वाहत जातो, आणि सापडतो तेव्हा अंबाडा जसाच्या तसा! मुलगी पुरुषाचा वेश करून सैन्यात राहते आणि एकालाही संशय येत नाही. तिथल्या पुरुषांना डोळे नाहीत की काय? आणि तो गैरसमज! एक वाक्य तोंडातून काढलं असतं तर पुढचे चाळीस भाग वाचले असते. पण नाही. रुंद बाह्या सावरत, बर्फात गुडघे टेकून, गप्प. तरी मी रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून बसतेच. सिस्टरांनी घोटून घेतलेलं इंग्रजी म्हातारपणी पडद्यावरच्या त्या खालच्या ओळी वाचायला उपयोगी पडेल, असं त्यांच्या तरी स्वप्नात आलं असेल का?

राजमातेबद्दल तुझं मत कळव. माझ्या मते इतकी कपटी बाई अख्ख्या चीनमध्ये नसेल.

तुझं मागचं पत्र मिळालं. पत्र कसलं, दुकानाची पाटीच ती! एका पानावर जेमतेम चार ओळी, त्याही उतरणीला लागलेल्या. इतकं काय घाईत लिहितेस? आमचे हे ठीक. दिवसभर गॅलरीत येरझाऱ्या घालतात. मलाही हल्ली एका जागी बसवत नाही. खुर्चीवरून उगाच उठते आणि दात दुखणाऱ्या माणसांना पाणी हवंय का म्हणून विचारत सुटते.

आहे तसाच जीव लावत राहा.
तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षराचं म्हणशील तर पेन जाड आहे. बारीक पेनं हल्ली चांगली मिळत नाहीत. विषय संपला.

राजमाता चांगली बाई आहे. तिच्याइतकं मऊ त्या राजवाड्यात कोणी बोलत नाही. तुला पहिल्यापासून गोड बोलणाऱ्या माणसांचा संशय. म्हातारे वैद्यबुवा गेले त्याचं वाईट वाटलं, पण केव्हाचे खोकत होते बिचारे. वय झालं होतं.

सेनापती मात्र लबाड. त्याचा आवाज रेडिओवर साबण विकणाऱ्या माणसासारखा आहे. तो ऐन वेळी उलटणार, लिहून ठेव.

लाँड्रीत बरं चाललंय. मालक हल्ली बारीक रफू माझ्या टेबलावर पाठवत नाहीत. कोटांऐवजी ब्लँकेटं येतात, पडदे येतात. म्हणाले, ताई, तुम्ही आता जरा आरामात घ्या. मी म्हटलं, आरामच करायचा असता तर घरी माझा पलंग आहे, तुमचं स्टूल कशाला झिजवू? हसले. पण कोट काही आला नाही.

जावईबापूंना म्हणावं, येरझाऱ्या घालायच्या तर भाजी तरी आणा.

आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझी,
ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वैद्यबुवा खोकून गेले? अगं ताई, विष! राजमातेनं स्वतःच्या हातानं पाठवलेल्या सूपमधून! भर दरबारात तिनं कबूल केलं. खाली स्वच्छ लिहून आलं होतं, हे माझ्या हातून झालं. तू पाहत होतीस की स्वयंपाकघरात होतीस? का मला चिडवायला म्हणून लिहितेस? तुझा भरवसा नाही.

लेक तुझ्याकडे डोकावून आली. म्हणत होती, मावशीनं दार उघडलं आणि विचारलं, कोण पाहिजे? ती बोलली तेव्हा कुठे तू मिठी मारलीस. मी म्हटलं, केस कापलेस ना, म्हणून ओळखलं नसेल. तर ती म्हणाली, आई, केस मी मागच्या वर्षी कापलेत. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. काल एका बाईंना दाढ काढायला बोलवायचं ते त्यांच्या नवऱ्याला बोलावलं. तो येऊनही बसला बिचारा, तोंड उघडून. आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं!

बरं ताई, कालच्या भागाचं सांग. राजमातेची ती पांढरी मांजर मेली तेव्हा तू रडलीस की नाही? माझ्या तर डोळ्यांना धार लागली. मी तिला कपटी म्हणते, पण मांजरीला पोटाशी धरून बसली तेव्हा माझंही मन हललं.

लवकर लिही. उशीर करू नकोस.
तुझ्या मायेची हक्कदार,
भिंगरी


१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दारात उजेड पाठीमागून येत होता. कोणालाही तसंच झालं असतं. भाचीला म्हणावं, मावशीकडे यायचं तर आधी कळवून यावं, म्हणजे काहीतरी करून ठेवता येतं.

मांजरीचं फार वाईट वाटलं. किती शांत बसायची तिच्या मांडीवर. पांढऱ्याशुभ्र मांजरीला माणसाची सवय झाली की ती त्याच्याशिवाय कुठे जात नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? आता तरी तुला पटलं ना, की ती बाई वाईट नाही? मांजर पाळणारी बाई विष देत नाही.

बाकी सर्व ठीक.
तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, त्या मालिकेत मांजर नाही.

पांढरी नाही, काळी नाही, कसलीच नाही. मी ती माझ्या मनानं घातली. तू रागावशील, रागाव. तुझं पत्र वाचून मी क्लिनिकच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले. आत फोन वाजत होता, वाजू दिला.

तुला त्या खालच्या ओळी दिसत नाहीत. चेहरेही दिसत नसावेत. भाचीचा चेहरा दिसला नाही, कोटाचं भोक दिसत नाही म्हणून ब्लँकेटं येतात, आणि पेन काही जाड नाही. कधीपासून, ताई? आणि रस्ता कसा ओलांडतेस? गॅस कसा पेटवतेस? मी इथे येरझाऱ्या घालते आहे आणि हे गॅलरीतून मला बघताहेत, आमची अदलाबदल झाली आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या आठवड्यात जा. नाहीतर मी येऊन तुला उचलून नेईन. तू माझ्यापेक्षा वजनदार आहेस ते मला माहीत आहे, तरी नेईन.

तुझी,
भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. या खेपेला एकच.

मोठ्या बहिणीला मांजर दाखवून फसवलंस. सिस्टरांनी बाकावर उभं केलं तेच बरोबर होतं.

विचारलंसच म्हणून लिहिते. मागच्या उन्हाळ्यापासून अक्षरं विरघळायला लागली. आधी त्या खालच्या ओळी पुसट झाल्या, मग तोंडं. समोर धुकं आहे आणि त्यात नुसते कपडे हलताना दिसतात. लाल झगा आला, पांढरा गेला. मग मी ऐकायला लागले. भाषेचं ओ का ठो कळत नाही, पण कोण धापा टाकतंय, कोण बोलण्याआधी थांबतंय, कोणाचा कप बशीवर वाजतो, सगळं कळतं. त्यावर मी माझी गोष्ट लावते. संध्याकाळ जाते. तुझं पत्र दिव्याखाली भिंग धरून अक्षर अक्षर लावते, टीव्हीवरच्या ओळी तेवढ्या थांबत नाहीत. तुझ्या पत्राला उत्तर देता येतं. ते बंद पडू नये एवढंच मला हवं होतं.

डॉक्टरांचं नाव काढू नकोस. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीशी बसली ती बसलीच. चमच्यानं भरवायला लागायचं. तू लग्न होऊन गेली होतीस, भरवत मी होते. माझ्या दोन खोल्या मला पायाखालच्या माहीत आहेत, लाँड्रीचा रस्ता माहीत आहे. आहे ते चालू दे. ऑपरेशननं उरलंसुरलंही गेलं, तर मला भरवणार कोण? तू? तुला तर एका जागी बसवत नाही.

आणि राजमाता चांगलीच आहे. खाली काय लिहून येतं ते तुझ्यापाशी ठेव. कबुली देताना तिचा आवाज हलला नाही. मुलाशी बोलताना मात्र हलतो.

तुझी,
ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मालिका संपली. तूही ऐकलीस असशील, पण खाली काय लिहून आलं ते सांगते. विष राजमातेनं दिलं नव्हतं. तिच्या मुलानं, त्या लाडक्या बादशहानं दिलं होतं. वैद्यानं त्याचं गुपित ओळखलं होतं. तिनं ते स्वतःवर घेतलं. इतके दिवस मी प्रत्येक शब्द वाचत होते आणि तू एकही वाचला नव्हतास. हरले, ताई.

सेनापतीच्या बाबतीत मात्र तू सपशेल आपटलीस. साबणवाल्या आवाजाचा तो माणूस बादशहाच्या अंगावरचा बाण झेलून मेला. तोंडातून रक्ताची एक नाजूक धार, अंबाडा जागच्या जागी.

आता रागावू नकोस. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते, माझे डोळे दाखवायला. आईला काचबिंदू होता ना, म्हणून. माझे ठीक निघाले. पण कागदावर आईचं लिहिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला बहीण आहे का? मी म्हटलं, आहे, मोठी. मग त्यांनी आईचं सगळं विचारून घेतलं. म्हणाले, ऑपरेशननं नसावं ते. आधीच बराच उशीर झालेला असणार. दिसत नाही हे त्या किती दिवस बोलल्या नव्हत्या?

ताई, आई किती दिवस बोलली नव्हती? सुई मला ओवायला द्यायची आणि म्हणायची, तुझे डोळे लहान, तुला लवकर दिसतं. मला ते कौतुक वाटायचं. आपल्याला काळजी नको म्हणून ती गप्प बसली आणि तू तिला पुढे इतकी वर्षं भरवत राहिलीस. तू तिच्यावर रागावलीस का कधी? मी आज रागावले आहे, तिच्यावर आणि तुझ्यावर.

उचलून नेण्याची भाषा मागे घेते. तुझे डोळे आहेत, तू ठरव. पण मला एका जागी बसवत नाही हे खरं असलं तरी तुझ्याजवळ बसवेल. मी करून बघितलेलं नाही, म्हणून नुसतं लिहिते.

उत्तराची वाट पाहणारी,
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लाँड्रीच्या मालकांनी लिहून घेतलं आहे. अक्षर चांगलं आहे, तक्रारीला जागा नाही. त्यांना सांगितलंय, मध्ये स्वतःचं काही घालायचं नाही.

मी दाखवून आले. मालकच घेऊन गेले. त्यांना सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं म्हणे, मी निळ्या कोटाला काळ्या धाग्यानं रफू केलं तेव्हा. गिऱ्हाइकाला त्यांनी नवा कोट घेऊन दिला आणि मला बोलले नाहीत. सगळेच गप्प बसणारे. बर्फात गुडघे टेकायचे तेवढे बाकी होते.

उजवा डोळा आईच्याच वाटेनं गेला आहे, तो येणार नाही. डाव्यात मोतीबिंदूही आहे. तो काढतील, आणि उरलेलं थेंब घालून राखतील. किती दिसेल ते आधी सांगता येत नाही. आणखी वर्ष काढलं असतं तर विचारायलाच नको होतं, असं म्हणाले. बारीक काम बहुधा संपलं. हे ऐकून घरी आले, चहा केला आणि प्याले. रडले नाही. आईवर रागावले का विचारलंस. हो. त्या दिवशी पहिल्यांदा.

ऑपरेशन तुमच्याकडे करायचं ठरवते आहे. भीती वाटते, पण तुझ्याकडे येऊन वाटू दे. पुढच्या महिन्यात न्यायला ये. खोल्या सोडणार आहे. दोन घरांत पाय ठेवून राहणं मला जमायचं नाही. आलीस की वाटणी अशी कर.

बारीक सुया, चिमटा आणि रेशमाचे धागे लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या बाईंना द्यायचे. धागा कापडाच्याच आतल्या शिवणीतून काढून घ्यायचा, हे त्यांना मी शिकवलंय. तू शिकवायला जाऊ नकोस. टेबलाचा दिवा आणि भिंग खालच्या घड्याळवाल्यांना. टीव्ही वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना, त्यांचा सारखा खरखरतो. माझा राखाडी कोट भाचीला. कोपरावर रफू आहे, पण तिला ते सापडणार नाही. मालकांना माझं स्टूल. ते त्यांचंच आहे, पण मी दिलं असं म्हणायचं.

आईची खिडकीजवळची खुर्ची कोणालाही द्यायची नाही. भंगारवाल्याला हाक मार. जिन्यावरून उतरताना तिचा आवाज मला ऐकायचा आहे, तेवढा वेळ मला दारात उभी कर.

टीव्हीवरच्या खालच्या ओळी तुला. डावा डोळा उघडला तरी आणि नाही उघडला तरी, त्या तू मोठ्यानं वाचायच्या. जसं लिहिलंय तसं, हुंदके न देता, मांजर न घालता. मतं मात्र मी कोणाला देत नाही. ती माझ्याबरोबर येतील.

तुझी,
ताई