एसीसाठी कूलर

अकोला, १९ मे

सन्माननीय जावईबापू नत्थुजी यांना अकोल्याहून सहदेवचा मानाचा रामराम.

कागद हाती पडताच तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना या माणसाला पत्र कुठून सुचलं. त्याचं असं आहे, फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला मुद्द्याचा प्रश्न विचारता आणि एकमेकांची तब्येत विचारायची राहून जाते. कागदाला मधे तोडता येत नाही. तर आधी ख्यालीखुशाली. आमच्याकडे सगळे ठणठणीत. हिवरखेडला ऊन मी म्हणत असेल. तुम्ही सध्या दुपारी घरात न झोपता निंबाखाली खाट टाकता असं सुभद्रेकडून कळलं आणि तिचा भाऊ म्हणून फार समाधान वाटलं. निंबाच्या हवेसारखं औषध नाही. कूलरच्या हवेने सांधे धरतात, हे तीस वर्षं कूलर बनवणारा माणूस तुम्हाला सांगतो आहे (माझ्या गिऱ्हाइकांपर्यंत जाऊ देऊ नका).

आमची वर्षाली अमरावतीला नोकरीला लागली हे तुम्हाला माहीत आहेच, पण कशात लागली हे मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. ती म्हणाली 'डेटा सेंटर', मी समजलो मोबाईलमध्ये डेटा मारून द्यायचं मोठं दुकान, आणि इंजिनिअर झालेली पोर लोकांचे रिचार्ज मारते या दुःखात दोन दिवस जेवलो नाही. (आमच्या सौ. शकुनच्या म्हणण्याप्रमाणे एकच वेळ, आणि तेही त्या दिवशी दोडके होते म्हणून.) प्रत्यक्षात ती एक भलीमोठी खोली आहे. पतसंस्था, दवाखाने, कॉलेजं यांची सगळी माहिती तिथल्या कपाटांत असते. ती कपाटं म्हणजे कॉम्प्युटरच, ती चोवीस तास तापतात, आणि त्यांना गार ठेवायला एसी चोवीस तास चालतात. आतली माणसं वैशाखात स्वेटर घालून बसतात. गंमत पुढेच आहे. आतली उष्णता बाहेर फेकायला एसीची एकेक मशीन गच्चीवर ठेवलेली असते, आणि गच्चीवर असतं आपलं वऱ्हाडी ऊन. तापल्या हवेत आणखी उष्णता फेकताना त्या मशीन बिचाऱ्या धापा टाकतात आणि बदाबदा वीज खातात. इतकी, की कंपनी म्हणाली, हा मुलूख आपल्याला झेपत नाही, कपाटं उचलून पुण्याला न्या, सोबत वर्षालीलाही न्या. नाहीतर वर्षालीने वीज कमी करून दाखवावी.

पोरीने डोकं लढवलं. म्हणाली, गच्चीवरच्या मशीनला जी हवा लागते तीच आधी ओल्या ताट्यांतून गार करून देऊ. जावईबापू, वाळ्याच्या ताट्या! कोरड्या हवेत ओली ताटी काय करते हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी उभा जन्म माणसांना कूलर लावत आलो, पण एसीलाच कूलर लावावा हे सुचलं माझ्या लेकीला. खरं सांगतो, ऐकून डोळे भरून आले. मोठमोठ्या ताट्या पुण्याहून यायच्या होत्या आणि परीक्षा बघायला मोठे साहेबही पुण्याहून यायचे होते. परीक्षेच्या दिवशी साहेब वेळेवर आले आणि ताट्या वाटेत कुठेतरी राहिल्या. सकाळी सातला वर्षालीचा फोन. "बाबा, मले एक कूलर पाह्यजे, अन् आजच पाह्यजे." एवढं बोलून पोरीने फोन ठेवला. मी चहा तसाच टाकून दुकान उघडलं.

दुकानात नवा कूलर एकही नव्हता. (मे महिन्यात ज्याच्याकडे कूलर शिल्लक असेल त्याने धंदा बदलावा.) कोपऱ्यात दुरुस्तीला आलेलं एक जुनं लोखंडी धूड तेवढं होतं. पंखा जबर, पत्रा भक्कम, फक्त मागचं जाळीचं दार नव्हतं. कोणाचं होतं ते तूर्त सोडा. टेम्पोत टाकलं आणि निघालो. गेटवर श्रावण नावाचा वॉचमन आडवा झाला. "काका, आतमंदी एवढे एसी हायेत, कूलर कायले आणला?" मी म्हटलं, "बापा, एसीलेच गरम होऊन राह्यलं." त्याने माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि उन्हाचा चटका आहे असं समजून मला आधी पाणी पाजलं.

गच्चीवर शेजारी शेजारी दोन मशीन. एकीसमोर कूलर लावायचा, दुसरी तशीच ठेवायची आणि चार वाजता दोघींचे मीटर बघायचे. मागचं दार नव्हतं तिथे मी ओलं पोतं सुतळीने बांधलं. साहेबांनी चष्मा पुसून विचारलं, हे काय? वर्षाली म्हणाली, "ज्यूट मीडिया, सर." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. (शिकवलेलं वाया जात नाही ते असं.) दोनच्या सुमाराला, पारा सेहेचाळीसवर असताना, पंप बंद पडला. आता त्या कूलरला उजव्या अंगाला एक जागा आहे, तिथे बुक्की घातली की पंप चालतो. मी बुक्की घातली आणि वळून बघतो तर साहेब मागे उभे. वर्षाली शांतपणे म्हणाली, "मॅन्युअल रीस्टार्ट, सर." तेही वहीत गेलं.

चार वाजले. कूलरवाल्या मशीनने शेजारणीपेक्षा पाचवा हिस्सा वीज कमी खाल्ली होती! मी पन्नाशीचा माणूस त्या तापल्या गच्चीवर नाचलो. थोडं आनंदाने, थोडं पाय भाजत होते म्हणून. साहेबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि म्हणाले, हेच यंत्र असंच महिनाभर चालवा, एक स्क्रू इकडचा तिकडे करू नका. महिनाभर आकडे असेच आले तर ऑफिस अमरावतीतच राहील. पोरगी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. यापुढे देवाकडे मागायला माझ्याकडे काही उरलं नाही.

सुभद्रेला आशीर्वाद, तुमच्या घरच्या थोरांच्या पाया पडतो, लेकरांचे गालगुच्चे घ्या.

आपला,
सहदेव

ता. क. तुम्ही चैत्रात दुरुस्तीला दिलेल्या कूलरबद्दल लिहायचं राहिलं. तो दुरुस्त झाला आहे. अमरावतीला आहे. गच्चीवर.

ता. क. दुसरा. तुमच्या लग्नात आंदणाच्या भांड्यांवर नाव घातलं तसं मी त्या कूलरच्या टाकीवरही पांढऱ्या रंगाने 'नत्थुजी, हिवरखेड' लिहिलं होतं. साहेबांना वाटलं ते कंपनीचं नाव. अहवालात लिहिलंय, यंत्र: नत्थुजी, मॉडेल: हिवरखेड. वर्षालीने खरं सांगितलं तेव्हा पोट धरून हसले आणि म्हणाले, आता हेच नाव राहू द्या. जावयाचा एवढा मान कोणत्या सासुरवाडीने ठेवला असेल तर दाखवा.

ता. क. तिसरा. तेव्हा विनंती एवढीच, की कूलर महिनाभर तिकडेच राहू द्यावा आणि मिरचीच्या रोपांना बकऱ्या लागू नयेत म्हणून तुम्ही वाफ्याला आडवं लावलेलं त्याचं मागचं दारही द्यावं. पोतं कुजत चाललंय, आणि दार यंत्राचं स्वतःचंच, म्हणून साहेबांचीही ना नाही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय दाराला कोणी हात लावणार नाही, हा माझा शब्द.

ता. क. चौथा. वरची शाई वाळते तोच तुमच्या गावावरून येणाऱ्या तेल्हाऱ्याच्या एसटीचा ड्रायव्हर दार घेऊन दुकानात हजर! सोबत सुभद्रेची चिठ्ठी: "भाऊ, वर्षालीनं मले सारं सांगतलं. ह्यायले इचारत बसू नको, हे निंबाखाली घोरून राह्यले. पोरगी आपल्याच मुलखात राह्यली पाह्यजे." हे पत्र त्याच ड्रायव्हरच्या हाती परतीच्या फेरीला देतो आहे. म्हणजे सकाळपासून तुमच्या रोपांपुढे आडवं काहीच नाही, आणि तुमच्या शेजाऱ्याच्या बकऱ्या मी चांगल्या ओळखतो. रागवायचं ते मग निवांत रागवा, आधी वाफ्याकडे पळा.